धावपळीच्या घरात चार सुयांवर विणलेले मुलांचे पायमोजे

लहान मुलगे असलेल्या घरात विणायला सलग दोन तास मिळतील, अशी अपेक्षा ठेवून सुया हातात घेऊ नयेत. एकाला पाणी हवे असते, दुसऱ्याचे खोडरबर सापडत नसते आणि तेवढ्यात गॅसवरचे दूध वर आलेले असते. तरीही अशा घरासाठी विणकामाचा सर्वांत सोयीचा प्रकार पायमोजा आहे, असे माझे ठाम मत आहे. स्वेटरची पाठ अर्धवट ठेवली की ती कुठे ठेवायची इथपासून प्रश्न असतो; पायमोजा मात्र दप्तराच्या पुढच्या कप्प्यातही मावतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यातले बहुतेक काम मैदानाच्या कडेला बसून, पाढे म्हणून घेत किंवा भांडण सोडवत करता येते आणि खरोखर लक्ष देऊन विणावे लागतील असे टप्पे तीनच असतात: टाचेचे वळण, टाचेच्या कडेचे टाके उचलणे आणि बोटांकडची शिवण. हे तीन टप्पे मुले झोपल्यावर करायचे आणि बाकी सारे त्यांच्यासोबत, अशी विभागणी मनाशी केली की दोन सुट्ट्यांमधल्या शाळेच्या दिवसांतही एक जोडी आरामात पूर्ण होते.

आम्ही नाशिकला राहतो. शेजारच्या निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातम्यांत झळकतो आणि सकाळच्या शाळेसाठी मुलांना अंधारात उठवून थंडगार फरशीवर उभे करावे लागते, तेव्हा लोकरीच्या मोज्याचे मोल कळते. खाली दिलेली मापे पाच-सहा वर्षांच्या मुलाची आहेत. मोठ्या भावासाठी काय बदलायचे तेही ओघात सांगितले आहे.

लोकर आणि सुया

मोज्यासाठी लोकर निवडताना रंगाआधी दोन गोष्टी पाहाव्यात: ती टोचते का आणि ती घासली गेली तर टिकते का. नरम लोकर गालाला किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला घासून पाहिली की पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. मुलाच्याच मनगटाला लावून पाहिली तर अधिक चांगले, कारण शेवटी "आई, टोचतंय" असे म्हणून मोजा कोपऱ्यात भिरकावणारा तोच असतो. टिकाऊपणासाठी लोकरीत नायलॉनचे मिश्रण असावे लागते. मोज्यांसाठी म्हणून मिळणाऱ्या लोकरीत साधारणपणे तीन भाग लोकर आणि एक भाग नायलॉन असते. ती मिळाली नाही तर साधी मेरिनो लोकर घेऊन फक्त टाच आणि बोटांच्या भागात तिच्यासोबत नायलॉनचा बारीक धागा घालून विणावे.

आपल्याकडच्या दुकानांत 'लोकर' म्हणून जे गुंडे मिळतात, त्यांतले पुष्कळसे खरे तर अॅक्रिलिक या कृत्रिम धाग्याचे असतात. ते स्वस्त असते, यंत्रात धुता येते आणि रंगही छान असतात. टोपीला किंवा मफलरला ते चालते. पण दिवसभर बुटात कोंडलेल्या आणि सतत पळणाऱ्या पायांसाठी मी ते घेत नाही. खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही, अॅक्रिलिक मात्र घाम जवळपास शोषतच नाही, त्यामुळे तो पायावरच राहतो. म्हणून गुंड्यावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. याच ओघात आपल्या धनगर बांधवांच्या दख्खनी मेंढीच्या लोकरीविषयी अनेकदा विचारले जाते. ती लोकर राठ आणि भक्कम असते, घोंगडीत ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते, पण लहान मुलाच्या उघड्या कातडीला ती सोसत नाही. तिचा मान घोंगडीलाच राहू द्यावा.

चिठ्ठीवर ३ प्लाय, ४ प्लाय असे लिहिलेले असते, त्यावरून जाडीचा पक्का अंदाज बांधू नये. हा आकडा धाग्यात किती पदर पिळले आहेत एवढेच सांगतो आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या ४ प्लाय लोकरी शेजारी ठेवल्या तर त्यांत सहज फरक दिसतो. मोज्याला बारीक लोकर हवी, कारण जाड मोजा घातला की शाळेचा बूट पायात जात नाही. या वयाच्या मुलाच्या जोडीला साधारण ५० ग्रॅम बारीक लोकर पुरते. पट्टे किंवा पुढची दुरुस्ती मनात असेल तर थोडी जास्त घ्यावी.

सुया दोन्ही टोकांना अणकुचीदार असलेल्या, चार किंवा पाचच्या संचातल्या घ्याव्यात. आपल्याकडे चालणाऱ्या जुन्या क्रमांकांत आकडा वाढतो तशी सुई बारीक होते: १२ क्रमांकाची सुई २.७५ मिलिमीटरची आणि १३ क्रमांकाची २.२५ मिलिमीटरची. हात सैल असेल त्यांनी १३, घट्ट असेल त्यांनी १२ क्रमांकापासून सुरुवात करावी. घरात रांगणारे किंवा तीन वर्षांच्या आतले मूल असेल तर मात्र सुट्या सुयांऐवजी लवचिक वायरने जोडलेली ८० सेंटिमीटरची गोल सुई घ्यावी आणि वायरचा फास बाहेर काढून तिच्यावरच विणावे. सुई निसटून गादीत हरवण्याचा आणि नको त्या हातात पडण्याचा प्रश्नच मिटतो. सुट्या सुया वापरणाऱ्यांनी काम थांबवताना प्रत्येक टोकाला बारीक रबरबँड गुंडाळून सगळे झाकणाच्या डब्यात ठेवावे. टाके निसटत नाहीत आणि टोकेही कुणाला लागत नाहीत.

नमुना आणि माप

कितीही कंटाळा आला तरी हाताएवढा चौकोनी तुकडा आधी दर्शनी बाजूने सुलट, मागच्या बाजूने उलट विणून, धुऊन, वाळवून मग मोजावा. १० सेंटिमीटरमध्ये ३० टाके आणि सुमारे ४२ ओळी बसल्या तर पुढचे आकडे जसेच्या तसे वापरता येतात. टाके कमी बसले तर बारीक सुई, जास्त बसले तर जाड सुई घ्यावी.

पायाचे माप मूल उभे असताना घ्यावे, कारण अंगाचे वजन पडले की पाऊल पसरते. कागद भिंतीला टेकवून टाच भिंतीला लावायला सांगावी आणि सर्वांत लांब बोटापाशी खूण करावी. मुलाला हे चित्र आवडते. आमच्याकडे तर आधी डावा, मग उजवा, मग दादाचा आणि शेवटी बाबांचाही पाय काढून घेतल्याशिवाय तो कागद सुटत नाही. हे होऊ द्यावे, कारण तोच कागद नावे आणि तारीख घालून जपून ठेवला की पुढच्या हिवाळ्यात पाय किती वाढला ते डोळ्यांना दिसते. त्यानंतर बोटांच्या मुळाशी, पावलाच्या सर्वांत रुंद भागाभोवती टेप गुंडाळून घेर मोजावा.

मोजा पायाला धरून बसायचा तर तो पायाहून थोडा लहानच हवा. घेरातून दहावा भाग वजा करावा, उरलेल्या सेंटिमीटरला एका सेंटिमीटरमधल्या टाक्यांनी गुणावे आणि येणारी संख्या चारने भाग जाईल अशी करून घ्यावी. घेर १७.५ सेंटिमीटर असेल तर १५.७५ गुणिले ३, म्हणजे ४७. तेथे ४८ टाके घ्यावेत. मोठ्याचा घेर १९ असेल तर हाच हिशेब ५२ वर येतो. लांबीत मात्र एवढी कपात नको. १८ सेंटिमीटरच्या पायासाठी १७ सेंटिमीटरचा तळवा पुरे. "वाढता पाय आहे, थोडे मोठेच विणू" हा विचार शर्टाला ठीक आहे, मोज्याला नाही. सैल मोजा बुटात गोळा होतो, टाच खाली सरकते आणि फोड येतो. वाढीची सोय वेगळ्या प्रकारे करता येते, ती शेवटी सांगितली आहे.

बॉर्डर आणि नळी

दोन सुया एकत्र धरून त्यांच्यावर ४८ टाके सैल घालावेत आणि मग एक सुई काढून घ्यावी. मोजा चढवताना टाचेभोवतीचा सर्वांत मोठा घेर याच कडेतून जातो आणि कड आवळली असेल तर मूल मोजा ओढून ओढून फाडते. टाके तीन सुयांवर १२, २४ आणि १२ असे वाटून घ्यावेत: मधली २४ टाक्यांची सुई पावलाच्या वरच्या बाजूची, दोन्ही कडेच्या सुया टाचेच्या. फेरा जोडण्यापूर्वी कड कुठे पिळलेली नाही ना, हे एकदा चांगल्या उजेडात पाहावे. फेऱ्याची सुरुवात पायाच्या मागच्या बाजूला, टाचेच्या रेषेत येईल, तेथे रंगीत दोरा अडकवून ठेवावा.

आता दोन सुलट, दोन उलट अशी ४ सेंटिमीटर बॉर्डर आणि त्यापुढे सगळे सुलट टाके घेत एकूण लांबी १२ सेंटिमीटर होईपर्यंत नळी विणावी. हाच तो गप्पांचा भाग. फुटबॉलचा सराव संपेपर्यंत, शाळेची बस येईपर्यंत, शुद्धलेखन पाहत असताना हे काम हात आपोआप करतात. एकच पथ्य पाळावे: फेरा अर्ध्यावर सोडू नये, निदान हातातली सुई तरी संपवावी, कारण सुईच्या मध्येच काम टाकले की टाके ताणले जाऊन तेथे उभी रेघ पडते. "ही सुई झाली की आले" हे वाक्य मुलांना लवकर कळते आणि थोडी वाट पाहण्याची सवयही लागते.

मुलांना कामात घ्यायचे तर याच टप्प्यात घ्यावे. लोकर लडीने आणली असेल तर धाकट्याने दोन्ही हात समोर ताठ धरून लड पेलायची आणि मोठ्याने गुंडा करायचा. धाकटा हात खाली आणतो, मोठा ओरडतो, धागा अडकतो. मग मोठ्याला कळते की गुंडा फिरवण्याचा वेग धाकट्याच्या मनगटांच्या डोलण्याशी जुळवला की धागा सुरळीत सुटतो. गुंडा मात्र सैल करायला सांगावा, घट्ट गुंडाळलेली लोकर ताणलेलीच विणली जाते आणि पहिल्या धुण्यात आक्रसते. फेरे मोजायचे कामही मुलांकडे द्यावे. वहीत पाच-पाचच्या काड्यांची गाठोडी मांडणे पहिलीतल्या मुलाला छान जमते आणि दुसरा मोजा पहिल्याएवढाच होण्यासाठी ती नोंद आपल्यालाही लागतेच. पट्टे हवेत का, कोणत्या रंगाचे, किती फेऱ्यांनी, हे त्यांना ठरवू द्यावे. लहान मुलांच्या मोज्यांवरचे रंगीत पट्टे ही काही आजची हौस नाही: इजिप्तमधल्या अँटिनोपोलिस या प्राचीन नगरात सापडलेला, इसवी सन ३०० च्या सुमाराचा एक लहानसा मोजा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो लहान मुलाच्या डाव्या पायाचा आहे, चपलेच्या पट्ट्यासाठी त्याचा अंगठा वेगळा ठेवलेला आहे आणि त्यावर रंगीत लोकरीचे पट्टे आहेत. तो आपल्यासारखा चार सुयांवर विणलेला नाही, एकाच सुईने धाग्याचे फास गुंतवत केलेला आहे, तरी रंग निवडताना कुणा मुलाचा हट्ट पुरवला गेला असेल असे मला तो पाहून नेहमी वाटते.

टाच

येथून पुढे थोडी शांतता हवी. मुले झोपल्यावर, चांगल्या दिव्याखाली, शक्यतो एकाच बैठकीत टाचेचे वळण पूर्ण करावे.

प्रथम पहिल्या सुईचे १२ टाके सुलट विणून काम फिरवावे. पहिला टाका न विणता उतरवून पुढचे २३ टाके उलट विणावेत, म्हणजे टाचेचे २४ टाके एका सुईवर येतात. वरच्या बाजूचे २४ टाके आता तसेच थांबतील. यापुढे दर्शनी बाजूला एक टाका न विणता उतरवायचा आणि एक सुलट विणायचा, असे ओळभर करावे. मागच्या बाजूला पहिला टाका उतरवून बाकीचे उलट विणावेत. या दोन ओळींच्या १२ जोड्या विणाव्यात. उतरवलेल्या टाक्यांमागून धागा जातो, त्यामुळे टाच दुहेरी आणि जाड होते. नायलॉनचा धागा जोडायचा असेल तर याच भागात जोडावा.

आता वळण. या भागात एक खास घट, म्हणजे दोन टाक्यांचा एक करण्याची रीत, लागते: दोन टाके एकेक करून, सुलट विणायला घेतात तसे, उजव्या सुईवर उतरवावेत, मग डावी सुई त्या दोघांत पुढून घालून दोन्ही एकत्र सुलट विणावेत. ही घट डावीकडे झुकते. तिला पुढे 'डावी घट' म्हटले आहे. नेहमीसारखे दोन टाके एकत्र सुलट विणले की ती 'उजवी घट'.

पहिली ओळ: एक टाका उतरवून १३ सुलट, डावी घट, एक सुलट आणि काम फिरवावे. सुईवर अजून ७ टाके उरलेले असतील, ते तसेच राहू द्यावेत. दुसरी ओळ: एक उतरवून ५ उलट, दोन टाके एकत्र उलट, एक उलट, काम फिरवावे. तिसरी ओळ: एक उतरवून ६ सुलट, डावी घट, एक सुलट, फिरवावे. चौथी: एक उतरवून ७ उलट, दोन एकत्र उलट, एक उलट, फिरवावे. फिरवलेल्या जागी बारीक फट दिसते. प्रत्येक वेळी फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा टाका एकत्र घेतला जातो, एवढे लक्षात राहिले की मधला आकडा मोजावाही लागत नाही. आठव्या ओळीनंतर दोन्ही टोकांना एकेकच टाका उरतो, म्हणून नवव्या आणि दहाव्या ओळीत घट झाल्यावर विणायला टाका शिल्लक नसतो. घट करून लगेच फिरवावे. शेवटी सुईवर १४ टाके राहतात आणि हातात छोटा खोलगट कप तयार झालेला असतो. ५२ टाक्यांच्या मोज्यात टाच २६ टाक्यांची असते, तिथे पहिल्या ओळीत एक उतरवून १४ सुलट घ्यावेत. बाकीची रीत तीच, फक्त शेवटच्या दोन्ही ओळी घट आणि एक टाका अशाच संपतात.

यानंतर १४ टाके सुलट विणून टाचेच्या पट्टीच्या कडेने टाके उचलावेत. दर जोडीच्या सुरुवातीला टाका उतरवल्यामुळे कडेला साखळी दिसते; तिच्या प्रत्येक दुव्यातून एक असे १२ आणि कोपऱ्यातली फट बुजवायला एक जास्तीचा, म्हणजे १३ टाके घ्यावेत. हा जास्तीचा टाका गाळला तर नेमके घोट्याजवळ भोक राहते आणि लहान मुलाचे बोट त्यात शिरले की ते मोठे व्हायला वेळ लागत नाही. पुढे वरचे २४ टाके सुलट, दुसऱ्या कडेने पुन्हा १३ आणि टाचेतले ७ टाके विणले की आपण टाचेच्या मधोमध पोहोचतो. एकूण ६४ टाके: २०, २४, २०.

तळवा आणि बोटे

पुन्हा गप्पांचे दिवस. एक फेरा घटीचा आणि एक साधा, असे आलटून पालटून विणावे. घटीच्या फेऱ्यात पहिल्या सुईवर शेवटचे तीन टाके उरेपर्यंत सुलट, मग उजवी घट आणि एक सुलट. मधली सुई साधी. तिसऱ्या सुईवर एक सुलट, डावी घट आणि बाकीचे सुलट. असे आठ वेळा केले की टाके पुन्हा ४८ होतात. त्यानंतर टाचेच्या मागच्या टोकापासून साडेतेरा सेंटिमीटर होईपर्यंत साधे फेरे घालावेत. या टप्प्यावर मोजा सुयांसकट मुलाच्या पायात सांभाळून चढवून पाहावा, त्यासाठी त्याला खुर्चीवर बसवावे आणि हलायचे नाही असे आधी सांगावे. मोज्याची कड करंगळीच्या टोकापर्यंत आली की बोटांचा भाग सुरू करायची वेळ झाली.

बोटांसाठी पहिल्या आणि तिसऱ्या सुईवर वरच्यासारखीच घट करावी आणि मधल्या सुईवर दोन्ही टोकांना, म्हणजे एक सुलट, डावी घट, मध्ये सुलट आणि शेवटी उजवी घट व एक सुलट. एका फेऱ्यात चार टाके कमी होतात. एक फेरा सोडून घट करत २४ टाक्यांपर्यंत यावे, मग प्रत्येक फेऱ्यात घट करत १६ पर्यंत. उरलेले टाके आठ-आठ असे दोन सुयांवर घेऊन जाड दाभणाने सुलट टाक्याच्याच वळणाने एकमेकांना जोडावेत. ज्याला किचनर टाका म्हणतात तो हाच. यात शिवणीचा उंचवटा राहत नाही. दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून आवळण्याची सोपी पद्धत बाहुलीच्या टोपीला चालते, पण बुटात पळणाऱ्या बोटांवर ती गाठ दिवसभर रुतते.

पहिला मोजा संपल्यावर तो लगेच मुलाच्या हातात देऊ नये. तो एकच मोजा घालून अंगणात जाईल. त्याच रात्री दुसऱ्याचे टाके घालून चार ओळी विणून ठेवाव्यात, म्हणजे काम रेंगाळत नाही, आणि फेरे वहीतल्या काड्यांप्रमाणेच घ्यावेत.

वापर, धुणे आणि दुरुस्ती

गुळगुळीत फरशीवर लोकरीचा मोजा घसरतो आणि मुलगे चालत नाहीत, धावतात. त्यामुळे घरात वापरायच्या मोज्यांच्या तळव्याला मऊ चामड्याचे किंवा रबरी कापडाचे दोन छोटे तुकडे शिवल्याखेरीज ते मुलांना देऊ नयेत. जिन्यावर मोज्याने पळायचे नाही, हा नियम तरीही ठेवावाच. धुताना गार किंवा कोमट पाणी आणि सौम्य साबण वापरावा, पिळू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावे आणि सावलीत आडवे वाळवावे. यंत्रात चालेल असे चिठ्ठीवर लिहिलेले नसेल तर गरम पाणी आणि घुसळणे यांनी लोकर आटून फेल्टसारखी घट्ट होते आणि ती पुन्हा पूर्वीसारखी होत नाही. एकाच रंगाच्या लोकरीत दोन्ही भावांचे मोजे विणले असतील तर बोटांचा रंग वेगळा ठेवावा, सकाळची भांडणे त्याने निम्मी होतात.

दर धुण्याला मोजा हातात चढवून उजेडाकडे धरावा. टाच किंवा अंगठ्याची जागा विरळ दिसू लागली की भोक पडण्याची वाट न पाहता त्याच लोकरीने मूळ टाक्यांवरून दाभण फिरवून दुसरा थर द्यावा. भोक पडलेच तर घरात कुठेतरी असणारा टेनिसचा चेंडू मोज्यात घालावा, भोकाच्या बाहेर एक सेंटिमीटर चांगल्या टाक्यांपासून उभे धागे शेजारी-शेजारी घ्यावेत आणि त्यांच्यातून आडवे धागे एक वर, एक खाली असे गुंफून रफू करावे. धागा ओढून भोक आवळू नये, नाहीतर तेथे गोळा होतो.

पाय वाढला आणि मोज्याचा बाकी भाग धडधाकट असेल तर बोटांची शिवण सोडवून, घटीचे फेरे उसवून ४८ टाके पुन्हा सुयांवर घ्यावेत आणि हवे तेवढे फेरे वाढवून नवी बोटे विणावीत. वरून खाली विणलेल्या मोज्याचा हा मोठाच फायदा आहे. उसवलेली लोकर कुरळी झालेली असते. ती ओली करून, हलके वजन टांगून वाळवली की सरळ होते. याच कामासाठी प्रत्येक जोडीच्या लोकरीतली १० ग्रॅम लोकर चिठ्ठीसकट एका पाकिटात घालून, त्यावर मुलाचे नाव, टाक्यांची संख्या आणि सुईचा क्रमांक लिहून, पायांच्या चित्रांच्या कागदासोबत ठेवून द्यावी.